ऐंशी मिनिटांची सीडी

परभणीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅसेटचं एक दुकान होतं. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची, की दोन दिवसांनी दुकानदार ती भरून द्यायचा. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. शेवटचं गाणं पुरत नसेल तर ते मध्येच तुटायचं. म्हणून दादा यादी करताना प्रत्येक गाण्यापुढे त्याची वेळ लिहून बेरजा करत बसायचा. कोणतं गाणं घ्यायचं आणि कोणाच्या मागे कोणतं ठेवायचं, यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची.

२००२ साली टेक्सासमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी त्याच बेरजा करत होते. कॅसेटच्या जागी सीडी होती आणि गाणी होती आउटलॉ कंट्रीची.

आम्ही १९९८ मध्ये रिचर्डसनला आलो. डॅलसच्या उत्तरेला चिकटून असलेलं हे गाव तेव्हा टेलिकॉम कंपन्यांनी भरलेलं होतं आणि त्या कंपन्या आपल्याकडच्या इंजिनिअरांनी. पहिले चार महिने माझ्याकडे गाडीचं लायसन्स नव्हतं. आमच्या लॅबमधला एक म्हातारा टेक्निशियन माझ्या अपार्टमेंटवरून जायचा, तो मला त्याच्या पिकअपमधून न्यायचा-आणायचा. वयाने माझ्या वडिलांएवढा, पण मला 'मॅम' म्हणायचा. मीही त्याला नावाने कधी हाक मारली नाही, 'सर'च म्हणत आले. ऑफिसात या गोष्टीचं सगळ्यांना नवल वाटायचं, त्याला वाटायचं नाही. टेक्सासच्या खेड्यात वाढलेल्या माणसाला वडीलधाऱ्यांना 'सर' म्हणणं ओळखीचं होतं.

त्याच्या पिकअपमध्ये कॅसेट प्लेअर होता आणि त्यात बहुतेक वेळा वेलन जेनिंग्ज असायचा. कंट्री संगीत म्हणजे व्हायोलिनांचे थर आणि मागे कोरस, असं काहीतरी गोड मी तोवर ऐकलं होतं. हे वेगळंच होतं. ड्रमवर सरळ, जड, न थांबणारी थाप, बेस अगदी पुढे, वर त्या टेलिकास्टर गिटारचा पाण्यातून आल्यासारखा वळसे घेणारा सूर आणि खाली बसलेला, दमदार पुरुषी आवाज. शब्द निम्मे कळत नव्हते. पण हा माणूस कुणाची मर्जी राखायला गात नाही, हे पहिल्या दिवशी कळलं.

आउटलॉ या शब्दाला मराठीत फरारी, दरोडेखोर, पुंड असे शब्द सुचतात. त्यातला एकही इथे लागू पडत नाही. मी सरांना विचारलं, यांनी गुन्हा काय केला? त्यांनी सांगितलं ते मला पुढे फार उपयोगी पडलं. गुन्हा एवढाच, की स्वतःचे वाजवणारे लोक घेऊन, स्वतः निवडलेली गाणी, स्वतःला हवी तशी रेकॉर्ड करायला मागितली.

कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलची त्या काळची पद्धत समजल्याशिवाय यातलं धाडस कळत नाही. गायक कंपनीचा. गाणी प्रोड्यूसर निवडणार. स्टुडिओत वाजवायला शहरातले ठरलेले वादक, अत्यंत तयारीचे. तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी उरकायची. मग त्यावर व्हायोलिनं आणि कोरस चढवायचे. गायकाचे स्वतःचे वादक, जे वर्षभर त्याच्यासोबत बसमधून गावोगाव फिरतात आणि ज्यांना त्याच्या श्वासाची जागा ठाऊक असते, ते स्टुडिओबाहेर. या पद्धतीतून सुंदर गाणी निघाली, हे मी मान्य करते. त्या पद्धतीतला मोठा प्रोड्यूसर चेट अ‍ॅटकिन्स हा काही साधा माणूस नव्हता. पण वेलन १९६५ पासून आरसीए कंपनीत होता आणि आपल्या रेकॉर्डवर आपणच नाही, ही त्याची तक्रार वर्षानुवर्षं होती. १९७२ मध्ये काविळीने अंथरुणाला खिळला तेव्हा तो सगळं सोडून द्यायच्या बेतात होता. त्याचा ड्रमर रिची ऑलब्राइट याने त्याला थांबवलं. नील रेशेन नावाचा न्यूयॉर्कचा मॅनेजर आला, त्याने नवा करार पदरात पाडून घेतला आणि रेकॉर्डवर वेलनची सत्ता आली. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने जे केलं त्यावर ही सगळी चळवळ उभी आहे.

२००१ पासून टेलिकॉमचा बाजार बसला. आमच्या कंपनीनेही माणसं काढायला सुरुवात केली. सर पहिल्या यादीत गेले, मी तिसऱ्या. नवऱ्याची नोकरी टिकली म्हणून आम्ही तग धरला. १३ फेब्रुवारी २००२ ला वेलन गेला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. त्यांनी घरी बोलावलं आणि रेकॉर्डांनी भरलेलं एक खोकं माझ्या गाडीत ठेवलं. म्हणाले, तू कम्प्युटरवाली आहेस, याचं काहीतरी ऐकण्यासारखं करून दे. एक प्रत मला, एक तुला.

खोक्यात साठ-सत्तर रेकॉर्डी होत्या. काही मी हाफ प्राइस बुक्स नावाच्या दुकानातून जुन्या आणल्या. सीडीवर मावतात ८० मिनिटं. तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं धरलं तर फार तर पंचवीस. आवडीची गाणी घेत गेले तर पहिल्याच आठवड्यात नव्वदीवर पोचले. मग सरांनी शिकवलेली गोष्ट आठवली. रेकॉर्ड हातात आली की ते आधी मागची बाजू वाचायचे. निर्माता कोण, कोणत्या स्टुडिओत, वाजवलं कोणी. मी तोच नियम केला. जिथे गायकाचा स्वतःचा शब्द चालला, तेच ध्वनिमुद्रण घ्यायचं. गाणं कितीही गाजलेलं असो.

या नियमाने वेलनचं १९७३ चं 'हाँकी टाँक हीरोज' अग्रभागी आलं. त्यातली एक सोडून सगळी गाणी बिली जो शेव्हरची. शेव्हर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या कॉर्सिकाना गावचा, लाकडाच्या गिरणीत उजव्या हाताची बोटं गमावलेला. वेलनने तुझी गाणी ऐकतो म्हणून शब्द दिला होता आणि मग महिनोन्महिने टाळलं. अखेर शेव्हर स्टुडिओत जाऊन सगळ्यांसमोर त्याला भिडला, आता ऐक नाहीतर मारामारी कर. ही हकिकत शेव्हर आयुष्यभर सांगत राहिला. वेलनने एक ऐकलं, मग आणखी एक, आणि अख्खी रेकॉर्ड त्याचीच केली. तेव्हा जवळजवळ अनोळखी असलेल्या एका कवीवर आपला नवा अधिकार एखादा गायक असा उधळून देतो, हे मला आजही मोठं वाटतं. मी त्यातून तीन गाणी घेतली. एकाच रेकॉर्डला तीन, हे बाकी कुणाच्या वाट्याला आलं नाही. 'दिस टाइम' हेही घेतलं. कंपनीचा स्टुडिओ सोडून गायक टॉम्पॉल ग्लेझरच्या स्टुडिओत केलेलं, १९७४ मध्ये निघालेलं ते काम, आणि वेलनचं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं तेच.

विली नेल्सनने मात्र मला अडचणीत टाकलं.

तो नॅशव्हिलमध्ये दहा वर्षं इतरांसाठी उत्तम गाणी लिहून स्वतः गायक म्हणून पडलेला. तिथलं घर जळालं. जळत्या घरातून त्याने आपली गिटार बाहेर काढली, मार्टिन कंपनीची, नायलॉनच्या तारांची, ट्रिगर नावाची. मग तो टेक्सासला परतला, ऑस्टिनला. तिथे आर्माडिल्लो नावाच्या सभागृहात त्याला शेतकरी आणि लांब केसांची कॉलेजातली पोरं शेजारी उभी राहून ऐकू लागली. 'रेड हेडेड स्ट्रेंजर' ही त्याची १९७५ ची रेकॉर्ड. मागची बाजू वाचली आणि मी खुर्चीतून उठले. ध्वनिमुद्रण ऑटम साउंड स्टुडिओ, गार्लंड, टेक्सास. गार्लंड म्हणजे आमच्या शेजारचं गाव! मी तिथे दर आठवड्याला डाळ-तांदूळ आणायला जात होते. ऑस्टिन, नॅशव्हिल ही नावं मला दंतकथेतली वाटायची, आणि त्या संगीताचं सगळ्यात मोठं काम माझ्या किराण्याच्या रस्त्यावर झालं होतं.

ती रेकॉर्ड म्हणजे एक सलग गोष्ट आहे. एका धर्मोपदेशकाची बायको दुसऱ्याकडे जाते, तो दोघांना मारतो आणि भटकत निघतो. वाद्यं अगदी मोजकी: विलीची गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफेलचं माउथ ऑर्गन, मागे थोडे ड्रम आणि बेस. मधे मोकळ्या जागा इतक्या, की कोलंबिया कंपनीतल्या लोकांना ही कच्ची टेप वाटली. पण करारात शेवटचा शब्द विलीचा होता. रेकॉर्ड जशीच्या तशी निघाली आणि त्यातल्या 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन'ने विलीला गायक म्हणून पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर नेलं. ते गाणं त्याचं नाही. फ्रेड रोझने लिहिलेलं, १९४० च्या दशकातलं. नॅशव्हिलच्या पद्धतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं नॅशव्हिलच्याच एका जुन्या, जाणत्या माणसाचं. त्यांचं भांडण जुन्या गाण्यांशी कधीच नव्हतं. सलग गोष्टीतून एकच गाणं उचलताना माझा हात जड झाला. संपूर्ण घ्यायची तर सीडीतली तेहेतीस मिनिटं गेली असती. एकच घेतलं.

आता 'वाँटेड! द आउटलॉज' या १९७६ च्या प्रसिद्ध रेकॉर्डबद्दल. फरारी गुन्हेगारांच्या जाहिरातीसारखं मुखपृष्ठ, त्यावर वेलन, विली, टॉम्पॉल ग्लेझर आणि जेसी कोल्टर. कंट्री संगीतातली प्लॅटिनम ठरलेली, म्हणजे दहा लाखांचा टप्पा गाठलेली, ही पहिली रेकॉर्ड. मला वाटत होतं सगळा खजिना इथेच असेल. मागची बाजू वाचल्यावर कळलं की हेही एक संकलनच आहे. ग्लेझरच्या स्टुडिओत प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या हेझल स्मिथने आउटलॉ हा शब्द रूढ केला होता, तो लोकांच्या तोंडी बसला होता. आरसीएच्या जेरी ब्रॅडलीने बहुतेक जुनीच ध्वनिमुद्रणं एकत्र करून त्यावर ते मुखपृष्ठ चढवलं. त्यातलं वेलन-विलीचं 'गुड हार्टेड वुमन' प्रेक्षकांसमोर दोघांनी मिळून गायल्यासारखं ऐकू येतं, पण विलीचा आवाज त्यात नंतर भरलेला आहे. मी ते खोडलं आणि वेलनचं १९७२ चं एकट्याचं घेतलं.

सर चिडले. एरवी शांत माणूस, पण म्हणाले, ते दोघांचं गाणं आहे. फोर्ट वर्थच्या मोटेलात पत्ते खेळता खेळता दोघांनी लिहिलेलं. नियम तुझा असेल, रेकॉर्ड माझी आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या प्रत्येक पिकअपमधून हेच वाजत होतं, ते मी विसरायचं का? मी ऐकलं. नियम मोडून दोघांचं गाणं घेतलं. माझ्या यादीत नियमाबाहेरचं तेवढं एक आहे, आणि आता तेच मी पुन्हापुन्हा लावते.

क्रिस क्रिस्टोफरसनच्या बाबतीत वाद झाला नाही. ऑक्सफर्डला ऱ्होड्स स्कॉलर, सैन्यात हेलिकॉप्टर चालवणारा कॅप्टन, आणि हे सगळं सोडून नॅशव्हिलच्या स्टुडिओत झाडू मारणारा. मराठी घरात अशा मुलाचं काय झालं असतं हे मी सांगायला नको. त्याच्याही घरी तेच झालं. त्याचं 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' मी जॉनी कॅशच्या आवाजात घेतलं. कॅशचं 'फॉल्सम प्रिझन'ही नियमात बसलं. तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर रेकॉर्ड करायचं हे तो कंपनीला कित्येक वर्षं सांगत होता, १३ जानेवारी १९६८ ला ते झालं. कॅशने स्वतः कधी शिक्षा भोगली नाही. ती भोगली मर्ल हॅगर्डने, सॅन क्वेंटिनला, आणि कैदी म्हणूनच त्याने तिथे कॅशचा कार्यक्रम ऐकला. हॅगर्ड कॅलिफोर्नियाच्या बेकर्सफील्डचा, या टोळीत त्याला सगळेच मोजत नाहीत, पण त्याच्याशिवाय यादी मला खोटी वाटली असती.

बायकांचा प्रश्न मला सतावत होता. त्या मुखपृष्ठावर तीन पुरुष आणि एक बाई. जेसी कोल्टरला वेलनची बायको म्हणून ओळखणारे पुष्कळ; पण १९७५ मध्ये तिने स्वतः लिहिलेलं, स्वतः पियानोवर बसून गायलेलं 'आय अ‍ॅम नॉट लिसा' कंट्रीत पहिलं आलं आणि पॉपच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. तोवर वेलनचं कुठलंही गाणं पॉपच्या यादीत एवढं वर चढलं नव्हतं. प्रियकर अजून आधीच्या प्रेयसीच्या नावाने हाक मारतो, अशा बाईचं ते गाणं. ते मी अगदी मध्यावर ठेवलं. सॅमी स्मिथने गायलेलं क्रिस्टोफरसनचं 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट'ही घेतलं. एका रात्रीची सोबत मागणारं गाणं बाईने उघडपणे गावं, हे १९७० च्या अमेरिकेत सोपं नव्हतं.

टाऊन्स व्हॅन झँटचं 'पँचो अँड लेफ्टी' घेताना दोन पर्याय होते. विली आणि हॅगर्डचं १९८३ चं, घासूनपुसून केलेलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलेलं. किंवा टाऊन्सचं स्वतःचं १९७२ चं, थकलेल्या आवाजातलं. मी टाऊन्सचं घेतलं. त्याच्या मागोमाग गाय क्लार्कच्या १९७५ च्या पहिल्या रेकॉर्डवरचं एका म्हाताऱ्या तेलविहीर-कामगाराचं गाणं. ही दोन लागोपाठ ऐकताना मला अजून काही सुचत नाही, गाडी बाजूला घ्यावीशी वाटते.

डेव्हिड अ‍ॅलन कोला मी वगळलं. आवाज उत्तम, एक-दोन गाणी तोंडपाठ. पण त्याने स्वतः छापून विकलेल्या दोन रेकॉर्डींवर काळ्या लोकांबद्दल जे शब्द आहेत, ते माझ्या घरात वाजू शकत नाहीत. तो वंशद्वेषाचा आरोप नाकारत आला. शब्द मात्र रेकॉर्डवर आहेत. दुसरीकडे डॅलसमध्येच राहिलेला चार्ली प्राइड यादीत बसला नाही याचं मला वाईट वाटतं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातून आलेला हा काळा गायक नॅशव्हिलच्या चौकटीत राहूनच मोठा झाला. त्याची लढाई वेगळी होती, माझ्या नियमापेक्षा बरीच कठीण. त्याच्यासाठी मी पुढे वेगळी सीडी केली.

निवडीपेक्षा जास्त वेळ आवाज सारखा करण्यात गेला. रेकॉर्ड ओल्या कापडाने पुसायची, टर्नटेबलची वायर कम्प्युटरला जोडायची, एक गाणं पूर्ण वाजू द्यायचं, मग त्यातली टकटक कमी करायची. फार कमी केली तर झांजेचा नादही जातो. दुकानातून आणलेल्या नव्या सीडींचा आवाज जुन्यांच्या मानाने इतका चढा, की शांत गाण्यामागून वेलन आला की कान बधिर व्हायचे. सगळ्यांत शांत गाण्याशी बाकीचे मिळवायचे, हे मी चार सीडी वाया घालवून शिकले. दोन गाण्यांमधली जागा मशीन आपोआप दोन सेकंदांची धरतं. फॉल्समच्या मागे, कैद्यांच्या टाळ्यांनंतर, मी पाच ठेवली.

शेवटी २४ गाणी, ७८ मिनिटं. सरांना प्रत द्यायला गेले, आणि त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. पिकअपमध्ये कॅसेट प्लेअरच होता. मला हे सुचलंच नव्हतं! घरी येऊन नव्वदची कॅसेट काढली. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. जेसी कोल्टरचं गाणं मध्यावर म्हणून ठेवलेलं, ते आता पहिल्या बाजूचं शेवटचं झालं. एकही गाणं तुटू नये म्हणून कागदावर वेळा मांडून बेरजा केल्या. मागच्या चिठ्ठीवर प्रत्येक गाण्याखाली स्टुडिओ आणि वादकांची नावं बारीक अक्षरात लिहिली.

त्यानंतर ऑस्टिनला जाताना आम्ही अ‍ॅबटला थांबलो. विलीचं गाव, हमरस्त्यापासून दोन मिनिटांवर. आजी-आजोबांनी वाढवलेला हा मुलगा इथेच कापूस वेचत होता. गाडीतून उतरले आणि पायाखाली बघितलं तर काळी जमीन, उन्हाने भेगाळलेली, बोटभर रुंद भेगा. थेट परभणीची. पावसात फुगणारी, उन्हात आकसणारी हीच कापसाची काळी माती डॅलसच्या उत्तरेपासून दक्षिणेला पसरलेली आहे, आणि आमच्या रिचर्डसनच्या घरांचे पायेही तिच्यापायी तडकतात. एवढी वर्षं मी तिच्यावरच राहत होते. नवऱ्याने सीडी लावली होती, दार उघडं होतं, विली गात होता.

सीडीची एक प्रत दादाला पाठवली. त्याला इंग्रजी गाण्यांची आवड नव्हती. महिन्याभराने फोनवर म्हणाला, तो चौदाव्या नंबरचा माणूस कोण गं? तालाच्या मागे रेंगाळतो, पुढे पळतो, वाटतं आता चुकला, आणि समेवर बरोबर येतो. चौदावं गाणं 'ब्लू आइज' होतं. विलीबद्दल मी वाचलेल्या सगळ्या लिखाणात इतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही.

तुम्हाला हे संगीत ऐकायचं असेल तर माझ्या यादीपासून सुरुवात करू नका. 'रेड हेडेड स्ट्रेंजर' लावा. तेहेतीस मिनिटं आहेत, एका बैठकीत ऐका, मधलं काही गाळू नका. मग 'हाँकी टाँक हीरोज'. आणि रेकॉर्ड हाती आली तर आधी मागची बाजू वाचा.